त्वचारोगांची नावे : शब्द, समजुती आणि उपचार

निवासी शाळेत त्वचारोग हा विषय पुस्तकात शोधावा लागत नाही. एका दालनात अनेक मुलांची अंथरुणे शेजारी शेजारी असतात, टॉवेल एकाच दोरीवर वाळतात, खेळताना अंगाला अंग लागते. पावसाळ्यातील चिखल्या, थंडीतील खरूज आणि उन्हाळ्यातील घामोळे यांचा अनुभव वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक पिढीला आहे. तरीही शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने अशा विषयावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण असे की, त्वचारोगांच्या नावांमध्ये पुष्कळ इतिहास साठलेला आहे. कोणत्या समाजाने कोणत्या रोगाला काय म्हटले, यावरून त्या समाजाने रोग्याला कसे वागविले हेही कळते.

प्रस्तुत लेखात आम्ही एकच मुद्दा मांडणार आहोत. त्वचेच्या रोगाचे नाव चुकले की उपचार चुकतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर माणूसही तोडला जातो. पोटातील रोग शेजाऱ्याला दिसत नाही. त्वचेवरचा रोग सर्वांना दिसतो, आणि जे दिसते त्याला नाव देण्याचा अधिकार प्रत्येकजण आपलाच समजतो. म्हणून ही नावे कोठून आली, त्यांचा खरा अर्थ काय आणि आज त्या रोगांवर कोणते उपचार आहेत, हे माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि समाजबांधवांनी एकदा शांतपणे समजून घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

१. नावे कशी पडली

मराठीतील त्वचारोगांची नावे पाहिली, तर त्यांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिला गट जे दिसते किंवा जाणवते त्यावरून पडलेल्या नावांचा. 'खरूज' हा शब्द संस्कृत 'खर्जू' म्हणजे खाज यावरून आला. 'घामोळे' घामावरून, 'चिखल्या' चिखलावरून. 'गजकर्ण' म्हणजे हत्तीचा कान. दुसरा गट भीतीतून किंवा भक्तीतून पडलेल्या नावांचा. 'देवी', 'नागीण', 'महारोग' ही नावे या गटातील. तिसरा गट वैद्यांच्या आणि डॉक्टरांच्या ग्रंथांतून आलेल्या नावांचा. 'कुष्ठ', 'एक्झिमा', 'सोरायसिस', 'डर्माटायटिस' ही त्याची उदाहरणे.

डॉक्टरांच्या तोंडची परदेशी नावे ऐकून आपण दबून जातो. वस्तुतः त्यांतील अनेक नावे आपल्या घरगुती नावांइतकीच साधी आहेत. ग्रीक भाषेत 'डर्मा' म्हणजे त्वचा, आणि रोगाच्या नावाच्या शेवटी 'आयटिस' आले की तेथे दाह आहे असे समजावे. म्हणून 'डर्माटायटिस' म्हणजे त्वचेचा दाह. 'एक्झिमा' म्हणजे उकळून वर येणे. त्यालाच मराठीत आपण 'इसब' म्हणतो. 'सोरायसिस'च्या मुळाशी खाज या अर्थाचा शब्द आहे. 'हर्पीस' या शब्दाचा मूळ अर्थ सरपटणे असा असून भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो आणि आपला 'सर्प' हे एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत. 'नागीण' म्हणणारी आपली आजी आणि 'हर्पीस' म्हणणारा ग्रीक वैद्य यांना त्वचेवर सरपटत जाणारी एकच गोष्ट दिसली होती.

परदेशी नावेही चुकतात. गजकर्णाला वैद्यकीय भाषेत 'टिनिया' म्हणतात. त्याचा लॅटिन अर्थ किडा असा आहे, आणि सामान्य इंग्रजी नाव 'रिंगवर्म' यातही किडा आहेच. प्रत्यक्षात या रोगात किडा मुळीच नसतो. ती बुरशी असते. त्वचा, केस आणि नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्यावर ती जगते. ती बाहेरच्या दिशेने पसरते आणि मधला भाग निवळत जातो, म्हणून चट्टा कड्यासारखा गोल दिसतो.

नावांचा हा गोंधळ आवरण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न लंडनमधील डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी केला. १७९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्वचारोगांची मांडणी नावावरून किंवा समजुतीवरून केली नाही. त्वचेवर प्रथम काय उमटते, यावरून त्यांनी रोगांचे ८ वर्ग पाडले. आजही त्वचारोगतज्ज्ञ तपासणीची सुरुवात अशाच निरीक्षणाने करतात. त्यांचे शब्द मराठीत आधीपासूनच आहेत, ते पुढीलप्रमाणे :

डाग : त्वचेचा रंग बदललेला, पण हाताला सपाट लागणारा भाग.
पुटकुळी : हाताला लागणारा लहान, भरीव उंचवटा.
फोड : आत पाणी असलेला उंचवटा. त्यात पू असेल तर पुळी.
चट्टा : आकाराने मोठा, बहुधा जाडसर व वेगळा दिसणारा भाग.
पापुद्रा किंवा कोंडा : त्वचेचे सुटणारे कोरडे थर.
खपली : लस, पू किंवा रक्त वाळून बसलेला थर.
भेग : त्वचेला पडलेली चीर.
व्रण : त्वचेचा थर गेल्यामुळे झालेली जखम. ती भरल्यानंतर राहणाऱ्या खुणेलाही आपण व्रणच म्हणतो.

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एवढे शब्द नीट वापरले तरी पुष्कळ काम होते. डॉक्टरांकडे गेल्यावर 'मला नायटा झाला आहे' असे सांगण्यापेक्षा 'मांडीवर गोल चट्टा आहे, कडेला पुटकुळ्या आहेत, पापुद्रे सुटतात, तीन आठवड्यांपासून वाढतो आहे' असे सांगावे. 'नायटा' हा शब्द कोणी बुरशीच्या रोगाला वापरतो, तर कोणी इसबाला. वर्णन सांगितले तर अशी गफलत होत नाही.

२. पाली विनयातील त्वचारोग

त्वचारोगांच्या शब्दांचा एक प्राचीन साठा पाली विनयपिटकात आहे. महावग्गात मगध देशात पसरलेल्या पाच रोगांची नावे येतात : कुट्ठ, गण्ड, किलास, सोस आणि अपमार. यांपैकी पहिले तीन त्वचेशी संबंधित आहेत. कुट्ठ म्हणजे कुष्ठ. गण्ड म्हणजे गळू किंवा गाठ. आपल्या 'गलगंड' या शब्दात तो आजही आहे. किलास म्हणजे त्वचेवरील डागांचा रोग. संस्कृत ग्रंथांत हा शब्द पांढऱ्या डागांसाठी येतो. सोस म्हणजे क्षय आणि अपमार म्हणजे अपस्मार. याशिवाय विनयात 'कण्डु' हा शब्द येतो. 'कंड सुटली' असे आपण म्हणतो, तेव्हा तोच शब्द उच्चारीत असतो.

या ग्रंथात उपचाराचे तपशील किती बारकाईने दिले आहेत, हे पाहण्यासारखे आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना 'थुल्लकच्छु' नावाचा त्वचारोग होता. अंगातून झरणाऱ्या लसेमुळे त्यांचे चीवर त्वचेला चिकटत असे, आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून भिजवून सोडवीत. हे पाहून भगवान बुद्धांनी अशा रोग्यांसाठी औषधी चूर्ण वापरण्याची अनुमती दिली. कंड, गळू किंवा झरणारे व्रण असलेल्या भिक्खूसाठी 'कण्डुपटिच्छादि' म्हणजे व्रण झाकण्याचे वेगळे वस्त्रही मान्य करण्यात आले. त्याचे माप लांबीला ४ आणि रुंदीला २ सुगत-वीत असे ठरवून दिलेले आहे. रोग्याचे नाव घेऊन त्याला दूर सारण्यापेक्षा त्याच्या अंगाला चिकटणाऱ्या कापडाचा विचार येथे झाला.

त्याच महावग्गात एक अवघड नियमही आहे, आणि तो झाकून ठेवणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. वर सांगितलेले पाच रोग असलेल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये, असा तो नियम. त्यामागची हकीकत तेथेच दिली आहे. राजा बिंबिसार, त्याचे अंतःपुर आणि भिक्खूसंघ यांच्या उपचारांत वैद्य जीवक गुंतलेला होता. इतरांसाठी त्याला वेळ नव्हता. म्हणून काही रोगी केवळ उपचारासाठी संघात येऊ लागले, आणि बरे झाल्यावर चीवर सोडून परत जाऊ लागले. जीवकाच्या विनंतीवरून हा नियम झाला. त्याच्या मुळाशी विटाळाची कल्पना नसून वैद्याच्या अपुऱ्या वेळेची अडचण आहे, हे या हकीकतीवरून स्पष्ट होते. तरीही तो नियम रोग्याला दाराबाहेर ठेवणारा होता, हे मान्य केले पाहिजे. ज्या अडचणीतून तो निघाला ती आज उरलेली नाही. म्हणून शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या प्रवेशासाठी त्या यादीचा आधार कोणी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदान ग्रंथात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठी माणसाची कथा आहे. सभा पाहून काही खावयास मिळेल या आशेने तो कडेला येऊन बसतो, आणि त्या संपूर्ण सभेत धम्म समजण्याची पात्रता त्याच्या ठिकाणी आहे हे ओळखून भगवान बुद्ध त्याला उद्देशून उपदेश करतात. कथेच्या अखेरीस मात्र त्याच्या रोगाला पूर्वजन्मीच्या कृत्याचे कारण जोडलेले आहे. चरकसंहितेतही कुष्ठाच्या कारणांमध्ये आहारविहाराच्या चुकांबरोबर पापकर्माची गणना केली आहे. रोग हे पापाचे फळ, ही समजूत त्या काळात कोणा एका परंपरेपुरती नव्हती. तिला उत्तर मिळावयास १८७३ साल उजाडावे लागले.

३. कुष्ठ, कोड आणि महारोग

प्राचीन वैद्यकात 'कुष्ठ' हे एका रोगाचे नाव नव्हतेच. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले आहेत, ७ महाकुष्ठे आणि ११ क्षुद्रकुष्ठे. त्यांत ज्याला आज आपण गजकर्ण, खरूज किंवा इसब म्हणू असे रोगही येतात. पुढे हा व्यापक शब्द आकसत गेला आणि एकाच रोगाला चिकटला. त्याच 'कुष्ठ' शब्दापासून हिंदीत 'कोढ' झाला आणि मराठीत 'कोड' झाला. पण हिंदीतील 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग, तर मराठीतील 'कोड' म्हणजे पांढरे डाग. शब्दाचे मूळ एक, रोग मात्र पूर्णपणे वेगळे. या एका गोंधळाने किती मुलींची लग्ने मोडली असतील आणि किती मुलांच्या ताटाशेजारची जागा रिकामी राहिली असेल, याची गणती कोणी केलेली नाही.

म्हणून दोन्ही रोगांतील फरक स्पष्ट सांगितला पाहिजे.

कोड, म्हणजे वैद्यकीय भाषेत 'व्हिटिलिगो'. यात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच रंगपेशींवर उलटते, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. डाग दुधासारखा पांढरा असतो, कधी त्यावरील केसही पांढरे होतात, पण त्या जागी स्पर्श पूर्ण कळतो. हा रोग जंतूमुळे होत नाही. तो स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने कधीही पसरत नाही. त्यावर मलमे, विशिष्ट तरंगलांबीच्या अतिनील किरणांचे उपचार आणि काही रुग्णांत त्वचारोपण असे उपाय आहेत. ते महिनोन्‌महिने चालतात, आणि प्रत्येक डाग भरून येतोच असे नाही. बावचीच्या बियांचा घरगुती लेप लावून उन्हात बसविण्याची पद्धत आपल्याकडे आहे. बावचीत प्रकाशाने क्रियाशील होणारे द्रव्य खरोखरच असते, परंतु मात्रा चुकली तर त्वचा भाजून फोड येतात. तेव्हा तो प्रयोग मुलांवर करू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली 'नितळ' हा मराठी चित्रपट याच विषयावर काढला. शाळांतून तो मुलांना अवश्य दाखवावा.

कुष्ठरोग हा जंतूमुळे होणारा रोग होय. नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड आर्मॉअर हॅन्सन यांनी १८७३ साली त्याचा जंतू शोधला. पाप, रक्तदोष, कुळाचा शाप या सर्व कल्पनांचा आधार त्या दिवशी गेला. या रोगातील डाग पांढराशुभ्र नसतो. तो फिकट किंवा तांबूस असतो, आणि त्या जागी स्पर्श, उष्णता किंवा वेदना कमी कळते. कापसाचे टोक हलकेच फिरविले तरी हे लक्षात येते. जंतू मज्जातंतूंवर परिणाम करतो. त्यामुळे हाताला चटका बसला तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटांना विकृती येते. बोटे 'झडतात' ही समजूत खरी नाही. न कळलेल्या जखमांमुळे आणि दुर्लक्षामुळे ती झिजतात. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला नैसर्गिक प्रतिकार असतो. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ व निकटच्या सहवासातच लागण संभवते. लक्षणे दिसावयास सरासरी ५ वर्षे लागतात, कधी २० वर्षांपर्यंतही.

या रोगावर आज खात्रीचा उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० नंतरच्या पहिल्याच वर्षांत बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही त्यातील औषधे. डाग ५ पर्यंत असतील तर साधारणतः ६ महिने, अधिक असतील तर १२ महिने. सरकारी दवाखान्यात ही औषधे विनामूल्य मिळतात. गोळ्या सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून लागण होण्याची शक्यता संपते. रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबूस होते आणि क्लोफॅझिमिनमुळे त्वचा काळवंडते, हे घरच्यांना आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर औषधच बाधले असे समजून गोळ्या बंद केल्या जातात.

उपचार नव्हते तेव्हा कायदा होता. १८९८ च्या लेपर्स ॲक्टने निर्धन कुष्ठरुग्णाला पोलिसाने वॉरंटाशिवाय पकडावे, असा अधिकार दिला. अन्न विकणे, भाड्याच्या सार्वजनिक वाहनात बसणे, आणि स्थानिक संस्थेने मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर पाणी घेणे यांवर त्याच कायद्याने बंदी घालता येत असे. पाणवठ्यावरील बंदी म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. हा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने विवाहविषयक कायद्यांतून वगळली गेली. ज्या हिंदू विवाह कायद्यातून ती गेली, तो बौद्धांनाही लागू आहे. रोग बरा करणाऱ्या गोळ्या हाती आल्यानंतर तो कागदोपत्री बरा व्हावयास तीन तपे लागली.

शब्दांचेही असेच झाले. 'महारोग' आणि 'महारोगी' हे शब्द एके काळी सर्वमान्य होते. बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या संस्थेच्या 'महारोगी सेवा समिती' या नावात तो शब्द आजही दिसतो. ते त्या काळाच्या भाषेचे चिन्ह आहे, त्यात अवमान नाही. आज मात्र आपण 'कुष्ठरुग्ण' म्हणावे आणि उपचार पूर्ण झालेल्या व्यक्तीस 'कुष्ठमुक्त' म्हणावे. ब्राझीलने तर १९९५ साली कायदा करून सरकारी व्यवहारातून जुना शब्द काढून टाकला आणि संशोधकाच्या नावावरून 'हॅन्सेनियाझी' हा शब्द स्वीकारला.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सातवीत आलेल्या एका मुलीला त्याआधी दुसऱ्या एका वसतिगृहाने गुडघ्यावरील पांढऱ्या डागामुळे परत पाठविले होते. अर्जावर कोणीतरी 'कोड' असे लिहिले होते, आणि वाचणाऱ्याने त्याचा अर्थ 'कुष्ठ' असा घेतला. त्वचारोगतज्ज्ञांचे दोन ओळींचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत तिचे अर्धे वर्ष गेले. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. तिला कोड होते, म्हणून तिला नाकारणे चूक होते, एवढेच म्हणून भागणार नाही. तो कुष्ठरोग असता, तरीही तिला गोळ्या सुरू करून वर्गात बसविणे हाच योग्य मार्ग होता. एका रोग्याचा बचाव करताना दुसऱ्या रोग्याला अधिक दूर लोटण्याची चूक आपल्याकडून होऊ नये.

४. देवी आणि नागीण

भीतीने रोगाला देवत्व दिल्याचे मोठे उदाहरण म्हणजे देवी. रोगाचे नावच देवी असल्यामुळे उपचार करणे म्हणजे तिचा कोप ओढवून घेणे, असे लोकांना वाटे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गायीच्या देवीचा द्रव टोचून या रोगापासून संरक्षण मिळते हे दाखविले. हिंदुस्थानातील पहिली टोचणी मुंबईत १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला झाली. त्या काळी एकाच्या दंडावरील फोडातून द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडात टोचीत. फोडातून येणाऱ्या या द्रवाला मराठीत 'लस' म्हणतात. त्यावरूनच प्रतिबंधक औषधाला 'लस' हे नाव पडले. आज जी लस आपण बाळाला पोलिओ किंवा गोवर होऊ नये म्हणून देतो, तिच्या नावात हा त्वचेवरील फोड दडलेला आहे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीची भीती टोचणीने घालविली, नवसाने नाही.

'नागीण' या नावाने अजूनही नुकसान होते. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, अशी समजूत खेडोपाडी आहे. खरी गोष्ट अशी : लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर पुन्हा जागा होतो. ज्या मज्जातंतूत तो जागा होतो, त्याच्या क्षेत्रातच फोड उठतात. मज्जातंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून पट्टा सामान्यतः एकाच बाजूला राहतो. टोके न जुळणे ही शरीररचना आहे, मांत्रिकाचे यश नाही. या रोगावर विषाणूरोधक गोळ्या आहेत, आणि त्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुण येतो. मांत्रिकाकडे घालविलेले तीन दिवस म्हणजे नेमके तेच ७२ तास होत. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

५. खरूज, नायटा आणि मलमाची नळी

आता वसतिगृहातील नित्याच्या रोगांकडे वळू. खरूज अस्वच्छतेमुळे होते, असे सरसकट म्हटले जाते. तीत मुलाचा अपमान आहे आणि सत्यही नाही. खरूज हा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेल्या एका सूक्ष्म अष्टपाद जिवामुळे होते. त्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर, काखेत पुटकुळ्या उठतात आणि रात्री खाज वाढते. रोज आंघोळ करणाऱ्यालाही निकटच्या सहवासाने खरूज होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला.

तिचा उपचार सोपा आहे, पण तो शिस्तीने झाला पाहिजे. ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सर्वांगाला लावून ८ ते १४ तास ठेवावे आणि नंतर आंघोळ करावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवड्यांनी पुन्हा लावावे. पहिल्या लागणीनंतर खाज सुरू व्हावयास ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून खाज नसलेल्यांनीही, त्या दालनातील सर्वांनी, एकाच रात्री मलम लावणे आवश्यक असते. एकट्या मुलाला घरी पाठविल्याने खरूज जात नाही. ती त्याच्या घरी जाते आणि सुटीनंतर परत येते. कपडे व चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. धुता न येणाऱ्या वस्तू आठवडाभर पिशवीत बंद करून ठेवाव्यात. उपचारानंतरही खाज २ ते ४ आठवडे राहू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजू नये.

नायटा किंवा गजकर्ण यांत मात्र औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली मलमाची नळी मोठे नुकसान करते. अनेक नळ्यांत बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि स्टेरॉइड अशी औषधे एकत्र असतात. स्टेरॉइडने खाज व लाली दोन दिवसांत थांबते आणि बरे वाटते. आतील बुरशी मात्र वाढत राहते, चट्ट्याचे रूप बदलते आणि पुढे डॉक्टरांनाही तो ओळखता येत नाही. नळीवरील नावे वाचण्याची सवय मुलांना लावली पाहिजे. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीनाशके. म्युपिरोसिन हे जिवाणूनाशक. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडे. 'क्लोट्रिमॅझोल' आणि 'क्लोबेटासोल' ही दोन नावे कानाला सारखी लागतात, परंतु पहिले नायटा बरा करते आणि दुसरे एकटे लावल्यास तो वाढविते. अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला आहे. योग्य रोगावर, योग्य मुदतीपुरते, डॉक्टरांच्या सांगण्यावरून वापरलेले स्टेरॉइड उपयुक्तच असते. पण हीच मलमे गोरेपणासाठी मुलींच्या चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळली जातात. त्यातून त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर लाली व पुटकुळ्या येतात, केस वाढतात. सावळा रंग हा रोग नाही आणि त्यासाठी औषधही नाही, हे आई-वडिलांनी मुलींना घरीच सांगावे.

६. शाळेने व घराने काय करावे

एवढ्या विवेचनानंतर काही व्यवहारातील गोष्टी सुचवितो. प्रवेश-अर्जावर 'त्वचारोग आहे काय?' असा प्रश्न असल्यास तो मुलाला नाकारण्यासाठी नसावा. त्याच्या उपचाराची सोय लावण्यासाठी असावा, आणि तेथे रोगाचे नाव फक्त डॉक्टरांनी लिहावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुटीनंतर, सर्व मुलांची त्वचा तपासावी. ज्या डागावर स्पर्श कळत नाही, तो दिसताच मुलाला सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे आणि गोळ्यांची मुदत पूर्ण होईपर्यंत एका शिक्षकाने त्याची जबाबदारी घ्यावी. प्रत्येकाचा टॉवेल आणि कंगवा वेगळा असावा. पायाच्या बेचक्या कोरड्या ठेवण्यास मुलांना शिकवावे.

आणखी एक गोष्ट खर्चाशिवाय होण्यासारखी आहे. मुले एकमेकांना 'खरजुल्या', 'कोड्या' असे म्हणतात, आणि ही नावे कधी कधी शाळा सुटल्यावरही पाठ सोडीत नाहीत. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी ती ऐकली असतील, काहींनी उच्चारलीही असतील. रोगाचे नाव माणसाला लावू नये, हा नियम वर्गात पहिल्या दिवशी सांगावा आणि शिक्षकांनी तो प्रथम स्वतः पाळावा. आपल्या गावात, वस्तीत, नातेवाइकांत एखाद्याच्या अंगावर डाग दिसला, तर कुजबुज करण्याऐवजी त्याला जवळच्या दवाखान्यात घेऊन जावे. जाताना डागाचे वर्णन कसे करावे, हे वरील यादीवरून आता आपल्याला सांगता येईल.